अनुभव आपला, गिऱ्हाईक अनोळखी

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आईला अर्धांगवायू झाल्यावर काही वर्षं मी घरीच तिची शुश्रूषा केली. उठवणं, बसवणं, कूस बदलणं, अंघोळ, सगळं. बाजारात मिळणाऱ्या वस्तू किती गैरसोयीच्या असतात ते तेव्हा कळलं. लाकूडकामाची मला लहानपणापासून आवड आहे, म्हणून काही वस्तू मी स्वतःच बनवल्या. सध्या नोकरी चालू आहे. अनुभवातून किंवा छंदातून उद्योग उभे केलेल्या लोकांबद्दल वाचलं की वाटतं, आपणही उतरावं. पण व्यवसाय अनुभवाचा करावा की आवडीचा? आणि या लोकांनी नेमकं काय केलं, जे इतरांना जमलं नाही?"

नवउद्योजकांसोबत बसून त्यांच्या कल्पना तपासण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे, आणि हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत माझ्यासमोर सतत येतो. बहुतेकांकडे दोहोंपैकी एकच गोष्ट असते. तुमच्याकडे दोन्ही आहेत, आणि दोन्ही एकाच वस्तूत उतरल्या आहेत. म्हणून यातलं एक निवडा असं मी तुम्हाला सांगणार नाही. या मार्गाने यशस्वी झालेल्यांचा इतिहास नीट पाहिला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. त्रास हजारोंनी सोसलेला असतो. उद्योग उभा राहतो तो त्या त्रासाला दुसऱ्याच एखाद्या ठिकाणचं ज्ञान येऊन भेटतं तेव्हा. आणि तो टिकतो तेव्हा, जेव्हा आपल्याला न ओळखणारा माणूस स्वतःच्या खिशातून पैसे काढून ती वस्तू घेतो. माझं सगळं उत्तर या दोन वाक्यांभोवतीच आहे.

बेट नेस्मिथ ग्रॅहम यांचं उदाहरण सविस्तर सांगतो, कारण त्यात हे दोन्ही टप्पे स्वच्छ दिसतात. 1950च्या दशकात त्या अमेरिकेतल्या डॅलस शहरात एका बँकेत सेक्रेटरी होत्या. घटस्फोट झालेला, पदरात एक मुलगा. त्याच सुमारास कार्यालयांत इलेक्ट्रिक टाइपरायटर आले. त्यांची रिबीन अशी होती की चुकलेलं अक्षर खोडायला गेलं की कागदावर काळा फराटा उमटायचा. एका चुकीपायी अख्खं पान पुन्हा टाइप करावं लागे. हा जाच त्या काळातल्या प्रत्येक सेक्रेटरीच्या वाट्याला आला होता. बेट यांना चित्रकलेची आवड होती. नाताळात बँकेच्या काचांवर चित्रं रंगवून त्या चार पैसे जास्तीचे मिळवत. तिथे त्यांच्या ध्यानात आलं की चित्रकार चूक खोडत बसत नाही, तिच्यावर रंगाचा हात मारतो. त्यांनी पाण्यात मिसळणारा पांढरा रंग बाटलीत भरला, एक छोटा ब्रश घेतला आणि टेबलावर ठेवून दिला.

काही वर्षं त्या हे गुपचूप वापरत होत्या. मग बाकीच्या सेक्रेटरी मागायला लागल्या. 1956 मध्ये त्यांनी 'मिस्टेक आऊट' नावाने बाटल्या विकायला सुरुवात केली. घरातच मिश्रण करायचं, मुलगा आणि त्याचे मित्र बाटल्या भरून द्यायचे. रंग लवकर वाळत नव्हता, कागदावर उठून दिसत होता. त्यासाठी त्यांनी रंगाची आणि रसायनांची जाण असलेल्या माणसांची मदत घेतली आणि मिश्रण सुधारत नेलं. 1958 मध्ये त्यांची नोकरी गेली, कारण बँकेच्या एका पत्राखाली चुकून स्वतःच्या कंपनीचं नाव टाइप झालं होतं. त्याच सुमारास 'लिक्विड पेपर' हे नाव आलं. 1968 पर्यंत वर्षाला दहा लाख बाटल्या खपू लागल्या आणि 1979 मध्ये जिलेट कंपनीने हा व्यवसाय 4 कोटी 75 लाख डॉलरना विकत घेतला.

ही गोष्ट सांगताना लोक सहसा गरिबी, एकटी आई आणि शेवटी कोट्यवधी डॉलर यांवर भर देतात. माझ्या दृष्टीने त्यातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे बँकेची ती काच. टायपिंगचा त्रास सगळ्यांना होता, पण काच रंगवणारी टायपिस्ट एकच होती.

जेम्स डायसन यांच्याबाबतीत नेमकं हेच घडलं. 1970च्या दशकाच्या अखेरीस घरातला व्हॅक्यूम क्लीनर धूळ ओढेनासा झाला म्हणून ते वैतागले. त्यांनी तो उघडून पाहिला तेव्हा पिशवीची छिद्रं बारीक धुळीने बुजलेली दिसली. असा वैताग कुणालाही येईल. पण डायसन तेव्हा एका कारखान्यात चाकाऐवजी गोल चेंडू लावलेली हातगाडी बनवत होते, आणि तिथे रंगाच्या भुकटीने गाळण्या तुंबण्याचा प्रश्न होता. लाकडाच्या गिरण्यांवर हवेला वेगाने गरगर फिरवून भुसा वेगळा करणारे उंच शंकू असतात, ते त्यांनी पाहिले होते. घरातली धूळ आणि गिरणीतला भुसा या दोन गोष्टी त्यांनी जोडल्या. मग पाचेक वर्षं आणि 5,127 नमुने. त्या काळात घर चालवायला पत्नीच्या चित्रकला शिकवण्याच्या कमाईचा मोठा आधार होता, हेही विसरू नये. मोठ्या उत्पादकांनी कल्पना नाकारली, पहिलं यश जपानमध्ये परवाना देऊन मिळालं, आणि स्वतःच्या नावाचं यंत्र बाजारात यायला 1993 उजाडलं. 5,127 हा आकडा चिकाटीचा पुरावा म्हणून सगळीकडे दिला जातो. पण गिरणीतला तो शंकू डोक्यात नसता, तर त्यांनी कितीही नमुने केले असते तरी पिशवीच सुधारत बसले असते.

आता तुमच्या विषयाला अगदी लागून असलेलं उदाहरण. हर्बर्ट एव्हरेस्ट हे अमेरिकी खाण अभियंता 1918 मध्ये अपघातात जायबंदी झाले. त्या काळच्या चाकाच्या खुर्च्या इतक्या अवजड होत्या की मोटारीत घालून नेणं अशक्यच. 1930च्या दशकात त्यांनी हॅरी जेनिंग्ज या अभियंता मित्रासोबत पोलादी नळ्यांची, मधोमध दुमडणारी खुर्ची तयार केली. ती इतकी पसरली की पुढची कित्येक दशकं चाकाची खुर्ची म्हटलं की डोळ्यांसमोर तीच यायची.

1978 मध्ये कॅलिफोर्नियात मॅरिलिन हॅमिल्टन यांना हँग ग्लायडिंग (मोठ्या पंखाला लटकून हवेत तरंगण्याचा खेळ) करताना अपघात झाला आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. त्यांना मिळाली ती जड, पोलादी, रुग्णालयाच्या फर्निचरसारखी दिसणारी खुर्ची. हँग ग्लायडर बनवणाऱ्या दोन मित्रांना त्या म्हणाल्या, ग्लायडरच्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांपासून मला खुर्ची करून द्या. ती नेहमीच्या खुर्चीच्या जवळपास निम्म्या वजनाची झाली. तिघांनी मिळून कंपनी काढली, 'क्विकी' नावाने उठावदार रंगांच्या हलक्या खुर्च्या विकल्या, आणि 1986 मध्ये एका मोठ्या वैद्यकीय उपकरण कंपनीने ती विकत घेतली.

या दोन घटना शेजारी ठेवून मी अनेकदा विचार करतो. एका अपंग माणसाच्या अनुभवातून जन्मलेला उद्योग पुढे इतका मोठा, इतका निवांत झाला की त्याच्याच खुर्चीत बसणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीला नव्याने सुरुवात करावी लागली. अनुभवाची धार बोथट होते. कंपनी मोठी झाली की वस्तू वापरणारा आणि वस्तू ठरवणारा यांच्यात भिंत उभी राहते. तुमच्यासारख्या माणसाला बाजारात जागा मिळते ती याच भिंतीमुळे. मोठ्या कंपनीच्या आराखडाकाराने कदाचित रात्री दोन वाजता कुणाची कूस बदललेली नसते.

अनुभव स्वतःचाच असावा लागतो असंही नाही. कोइम्बतूरचे अरुणाचलम मुरुगनंतम यांनी 1998 मध्ये पत्नी मासिक पाळीसाठी जुनी फडकी वापरते हे पाहिलं. हा अनुभव त्यांना कधीच येणार नव्हता, आणि त्याबद्दल बोलायला बायका तयार नव्हत्या. पण ते वर्कशॉपमध्ये घडलेले, वेल्डिंगची कामं करणारे कारागीर होते. कापसाचे त्यांचे पहिले पॅड कुचकामी ठरले. बाजारातल्या पॅडमध्ये लाकडापासून काढलेला सेल्युलोजचा लगदा असतो, हे शोधायलाच त्यांना दोनेक वर्षं लागली. तो लगदा हाताळणारी मोठी यंत्रं कोट्यवधींची होती. तीच कामं टप्प्याटप्प्याने करणारी साधी, हाताने चालवता येणारी यंत्रं त्यांनी घडवली. आणि त्यांनी विकायला घेतलं ते यंत्र. पॅड बनवून विकायचं काम गावोगावच्या महिला बचतगटांकडे गेलं. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विकायचं काय, याचा त्यांनी केलेला विचार मला त्यांच्या शोधाइतकाच मोठा वाटतो. ज्या गोष्टीबद्दल बाई पुरुष दुकानदाराशी बोलायला संकोचते, ती वस्तू तिला ओळखीच्या बाईकडूनच मिळावी, ही समज त्या रचनेत आहे.

इथून दुसऱ्या टप्प्याकडे येतो, आणि माझ्या पाहण्यात जास्तीत जास्त चांगल्या कल्पना याच ठिकाणी अडकतात. त्रास आपल्याला झाला म्हणून आपल्यासारखाच माणूस गिऱ्हाईक असेल, असं आपण गृहीत धरतो.

जोसेफीन कॉक्रेन यांचं उदाहरण यासाठी मी जवळजवळ प्रत्येकाला सांगतो. अमेरिकेत इलिनॉयमधल्या या बाईंच्या घरच्या उंची चिनी मातीच्या बशा धुताना फुटत, टवके उडत. म्हणून त्यांनी भांडी धुण्याचं यंत्र करायचं ठरवलं. मध्येच नवरा गेला, डोक्यावर कर्ज आलं, आणि हौसेचं काम गरजेचं झालं. बशांची मापं घेऊन त्यांनी तारांचे कप्पे केले आणि घासण्याऐवजी पाण्याच्या दाबाने भांडी साफ होतील अशी रचना केली. 28 डिसेंबर 1886 रोजी त्यांना पेटंट मिळालं. त्रास घरातला, यंत्र घरासाठी सुचलेलं. पण घरं ते घेईनात. एवढं गरम पाणी तेव्हा घरात नसायचं, किंमत परवडत नव्हती, आणि भांडी हाताने धुण्यात वाईट काय आहे असंही अनेकींना वाटे. गिऱ्हाईक मिळालं ते हॉटेलांचं. तिथे रोज शेकडो बशा धुतल्या जात, फुटलेल्या बशीचा हिशेब ठेवला जाई आणि धुणाऱ्या माणसांचा पगार मोजून द्यावा लागे. 1893 च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात त्यांची यंत्रं चालली आणि नाव झालं. घराघरांत असं यंत्र पोचायला 1950चं दशक यावं लागलं, तोवर कॉक्रेन जाऊन चार दशकं होत आली होती. ज्या घरासाठी त्यांनी यंत्र केलं, त्या घराची वाट पाहत त्या बसल्या असत्या तर कर्जातून सुटल्या नसत्या.

तुम्हीही हाच प्रश्न स्वतःला विचारा. तुमची वस्तू कुटुंबं विकत घेतील का? रुग्णाची शुश्रूषा किती काळ चालेल हे घरच्यांना माहीत नसतं, त्यामुळे खर्च करताना हात आखडतो. गरज संपल्यावर ती वस्तू घरात ठेवणंही जड जातं, आणि हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. मग पैसे देणारा कोण? वस्तू भाड्याने देणारा, शुश्रूषा केंद्र चालवणारा, फिजिओथेरपिस्ट, की परगावी असलेला मुलगा? प्रत्येकाचं दुखणं वेगळं आहे. भाड्याने देणाऱ्याला ती टिकाऊ हवी, धुता यायला हवी. केंद्राला एका माणसाचं काम वाचायला हवं. परगावच्या मुलाला खात्री हवी. एकच वस्तू या तिघांना तीन प्रकारे सांगावी लागेल, आणि कदाचित तीन प्रकारे बनवावीही लागेल.

मेलनी पर्किन्स यांनी हे वेगळ्या रीतीने सोडवलं. ऑस्ट्रेलियात पर्थला विद्यार्थिनी असताना त्या डिझाइनची सॉफ्टवेअर शिकवत. नुसती बटणं कुठे आहेत हे कळायलाच मुलांना आठवडे लागतात, हे त्यांनी पाहिलं. सगळ्यांना सोपं डिझाइन करता यावं हे स्वप्न तेव्हापासूनचं. पण त्यांनी पहिल्यांदा घेतलं शाळांच्या वार्षिकांकांचं काम. 2007 मध्ये आईच्या घरातल्या दिवाणखान्यात सुरू झालेला तो छोटा धंदा शाळांत रुजला, त्यातून पैसा आला, चुका कमी किमतीत शिकता आल्या. शंभराहून जास्त गुंतवणूकदारांचे नकार पचवून 'कॅनव्हा' हे सगळ्यांसाठीचं डिझाइनचं ऑनलाइन साधन बाजारात आलं ते 2013 मध्ये. मोठं स्वप्न आणि लहान पहिलं गिऱ्हाईक, ही जोडी मला फार विश्वासाची वाटते.

कधी गिऱ्हाईकच तुम्हाला तुमचा धंदा दाखवतं. जॅन कूम यांनी 2009 मध्ये व्हॉट्सॲप सुरू केलं ते मेसेजसाठी नव्हतं. संपर्कयादीतल्या नावापुढे 'जिममध्ये आहे', 'बॅटरी संपत आली' अशी माहिती दिसावी एवढाच हेतू होता. मित्रमंडळी त्या ओळींतूनच एकमेकांशी बोलायला लागली. कूम यांनी ते वागणं पाहिलं आणि सगळा रोख तिकडे वळवला. स्वतःच्या कल्पनेवर प्रेम असूनही तिच्यापेक्षा माणसांच्या वागण्यावर जास्त विश्वास ठेवायला मोठं मन लागतं.

सारा ब्लेकली यांच्याबद्दल एवढंच: पांढऱ्या पँटखाली घालायला नीट काही नाही म्हणून त्यांनी स्टॉकिंगची पावलं कापली, 5,000 डॉलरच्या बचतीवर काम सुरू केलं आणि 2000 मध्ये 'स्पॅन्क्स' आणलं. पण त्याआधी काही वर्षं त्या दारोदार जाऊन फॅक्स मशीन विकत होत्या. एका मोठ्या दुकानसाखळीच्या खरेदी अधिकारी बाईंना पटेना, तेव्हा ब्लेकली त्यांना प्रसाधनगृहात घेऊन गेल्या आणि कपडा घालण्याआधी आणि घातल्यावर कसा फरक पडतो ते स्वतःवर दाखवलं. ऑर्डर तिथे मिळाली. नकाराची भीती मोडलेली असणं हे त्यांच्याकडचं दुसऱ्या ठिकाणचं ज्ञान होतं.

अशा कथा वाचताना एक सावधगिरी बाळगा. ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटच्या जन्माबद्दल बरीच वर्षं सांगितलं जात होतं की संस्थापकाने होणाऱ्या बायकोला गोड गोळ्यांच्या खेळण्यासारख्या डब्या जमवता याव्यात म्हणून ती साइट काढली. ती गोष्ट कंपनीच्या प्रसिद्धी विभागात तयार झालेली होती. 1995 मध्ये तिथे विकली गेलेली पहिली वस्तू होती एक मोडका लेझर पॉइंटर, 14.83 डॉलरना. मला हा मोडका पॉइंटर त्या प्रेमकथेपेक्षा जास्त शिकवतो: निकामी वस्तूलाही कुठेतरी एक घेणारा असतो आणि त्या दोघांची गाठ पडत नाही, यावरच तो सगळा धंदा उभा राहिला. उगमाच्या गोष्टी यश मिळाल्यावर घासूनपुसून ठेवल्या जातात. स्वतःच्या आयुष्यात तसा लख्ख क्षण दिसला नाही म्हणून मागे फिरणारी गुणी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आता आवडीबद्दल. आवडीच्या गोष्टीचा व्यवसाय केला की आवड मरते का, असं पुष्कळजण विचारतात. धोका आहे. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची आवड असलेल्या लहान मुलांवर एक प्रयोग केला. ज्यांना आधीच बक्षिसाचं सांगून चित्रं काढायला लावलं होतं, ती मुलं नंतर मोकळ्या वेळेत इतरांच्या मानाने सुमारे निम्माच वेळ चित्रांना देऊ लागली. मोबदला ठरला की मन त्या कामाकडे वेगळ्या नजरेने बघतं. लाकूडकाम हा तुमचा विसावा असेल, तर एक कोपरा असा राखा की जिथे बनलेली वस्तू कधीही विकायची नाही.

पण आवडीने काय मिळतं हे पाहायचं तर ईव्हॉन शुईनार यांच्याकडे बघावं. गिर्यारोहणाचं वेड असलेल्या या तरुणाने 1957 मध्ये जुनी भट्टी आणि ऐरण घेऊन लोहारकाम शिकायला सुरुवात केली, कारण कड्यात ठोकायच्या तेव्हाच्या मेखा मऊ लोखंडाच्या होत्या आणि एकदाच वापरता येत. त्यांच्या पोलादी मेखा काढून पुन्हा वापरता येत. मोटारीतून कड्याच्या पायथ्याशी विक्री करत 1970 पर्यंत त्यांची कंपनी अमेरिकेत गिर्यारोहणाच्या साधनांत सर्वांत मोठी झाली. आणि त्याच सुमारास त्यांना दिसलं की वारंवार ठोकल्या-उपटल्या जाणाऱ्या या मेखांनी त्यांच्या आवडत्या कड्यांचे तडे विद्रूप होत आहेत. मेखा हाच धंद्याचा कणा होता. त्यांनी आणि भागीदाराने त्यातून बाहेर पडायचं ठरवलं. 1972 च्या कॅटलॉगमध्ये हाताने फटीत बसवायची ॲल्युमिनियमची साधनं दिली आणि कडा न दुखवता कसं चढायचं हे सविस्तर छापलं. काही महिन्यांत मेखांची मागणी ओसरली आणि नव्या साधनांचा पुरवठा कमी पडू लागला. जो माणूस कड्यावर स्वतः जात नाही त्याला ते तडे दिसलेच नसते, आणि दिसले असते तरी त्याने धंद्याचा कणा मोडायचं धाडस केलं नसतं.

त्यांच्याच कहाणीतला दुसरा भाग कमी सांगितला जातो. साधनांच्या विक्रीत नफा अगदी तुटपुंजा होता. तो भरून काढायला 1970च्या दशकाच्या सुरुवातीला कपडे विकायला घेतले आणि त्यातून पॅटागोनिया ही कंपनी झाली. जीव होता साधनांत, पैसा आला कपड्यांतून. पुढे साधनांच्या कंपनीवर अपघातांचे आणि पुरेशा सूचना न दिल्याचे दावे झाले, विमा महागला आणि 1989 मध्ये तिला दिवाळखोरी कायद्याचं संरक्षण घ्यावं लागलं. कामगारांनी ती घेऊन 'ब्लॅक डायमंड' नावाने पुढे चालवली.

हे तुम्हाला मुद्दाम सांगतो आहे. तुमच्या वस्तूवर कुणाच्या तरी शरीराचा भार पडणार आहे. आईसाठी बनवलेला आधार तुम्ही रोज डोळ्यांनी तपासत होता. अनोळखी घरात गेलेला आधार कुणी तपासणार नाही, त्यावर दुप्पट वजनाचा माणूस बसेल, तो ओला होईल, कुणी उलटा लावेल. म्हणून विक्रीआधी भाराची चाचणी, कडा आणि सांधे यांची तपासणी, पुसता येणारा लेप, किती वजन चालेल याची ठळक सूचना आणि जबाबदारीचा विमा, हे आवडीचं नसलं तरी पहिल्या दिवसापासूनचं काम आहे. लागू असलेले नियम जाणकाराकडून समजून घ्या. काही वस्तू फर्निचरमध्ये मोडतात, काही वैद्यकीय उपकरणांत, आणि दोन्हींची वाट वेगळी असते. लाकूड ओलावा धरतं. अंघोळीच्या ठिकाणच्या वस्तूला कदाचित ते योग्य ठरणार नाही. तिथे आवड बाजूला ठेवून दुसरं साहित्य घ्यायची तयारी ठेवा.

आवडीच्या बाजाराला तळ असतो, हेही ध्यानात ठेवा. निक वुडमन यांनी सर्फिंग करताना स्वतःचे फोटो काढता यावेत म्हणून मनगटाला बांधायचा कॅमेरा शोधला. 2004 मध्ये आलेल्या फिल्मवाल्या कॅमेऱ्यातून त्यांची गोप्रो ही कंपनी मोठी झाली, 2014 मध्ये शेअर बाजारात आली, आणि मग अडखळली. लाटांवर जाणारे किती, आणि त्यांतले दरवर्षी नवा कॅमेरा घेणारे किती? तुमच्या बाबतीत गरज टळणारी नाही, ही जमेची बाजू आहे.

रूथ हँडलर यांचं एक काम मला तुमच्यासाठी फार जवळचं वाटतं. बार्बी बाहुली आणणाऱ्या म्हणून त्या प्रसिद्ध आहेत. 1970 मध्ये कर्करोगामुळे त्यांचा एक स्तन काढावा लागला. त्या जागी वापरायला मिळणारी कृत्रिम वस्तू बेढब होती, डावी-उजवी असा फरकही तिच्यात नव्हता. त्यांनी कृत्रिम अवयव बनवणाऱ्या कारागिराला सोबत घेतलं आणि 1976 मध्ये 'निअरली मी' नावाने मापागणिक, डाव्या-उजव्या बाजूचे वेगळे कृत्रिम स्तन आणले. त्या स्वतः दुकानांत जाऊन बायकांना ते बसवून देत. ज्या दुःखाबद्दल कुणी मोकळेपणाने बोलत नाही, तिथे विकणारी व्यक्ती त्याच वाटेने गेलेली असणं हा केवढा दिलासा असतो. तुमची वस्तू घ्यायला येणारा माणूस थकलेला, घाबरलेला आणि अपराधी भावनेने वाकलेला असेल. त्याच्याशी कसं बोलायचं हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. ही गोष्ट कुठल्याही भांडवलाने विकत मिळत नाही, तेव्हा ती जपा.

आता प्रत्यक्ष काय करावं. आईसाठी तुम्ही जे जे बनवलंत त्यातली एकच वस्तू निवडा, जिच्यामुळे रोजचा सर्वांत जास्त त्रास वाचला. मग अशी कुटुंबं शोधा ज्यांच्याशी तुमची ओळख नाही. फिजिओथेरपिस्ट आणि रुग्णालयातून घरी सोडण्याची व्यवस्था पाहणाऱ्या परिचारिका यांच्याकडून सुरुवात करता येईल. त्यांना 'असं काही मिळालं तर घ्याल का' असं विचारू नका. सगळे हो म्हणतात, आणि तो होकार कागदी असतो. त्याऐवजी विचारा: काल रात्री कूस कशी बदललीत? त्यासाठी आतापर्यंत काय काय विकत घेतलंत? कशावर पैसे वाया गेले? ज्याने या त्रासापायी आधीच पैसे किंवा झोप घालवली आहे, तो तुमचा खरा गिऱ्हाईक. नातेवाईक आणि मित्र यांच्या कौतुकाला या टप्प्यावर काहीच किंमत धरू नका, ते तुमच्यावरच्या मायेपोटी बोलतात.

पहिले काही नग फुकट देऊ नका. थोडी तरी किंमत घ्या, आणि शक्य तर आगाऊ. किंमत ठरवताना स्वतःच्या हातांचे तास मोजा. आवडीने काम करणारे लोक इथेच बुडतात, कारण त्यांना ते तास कष्टाचे वाटतच नाहीत आणि हिशेबात फक्त लाकूड, खिळे आणि लेप उरतात. मदतनीस ठेवायची वेळ आली की तोच दर अंगावर येतो. रचनेत खरोखर नवं काही असेल तर जाहीर दाखवण्याआधी पेटंट सल्लागाराला भेटा आणि हक्क स्वतःच्या नावावर ठेवा. डायसन यांनी चेंडूच्या हातगाडीचे हक्क कंपनीच्या नावावर केले होते, आणि कंपनीतून बाहेर पडावं लागलं तेव्हा ते हक्क तिथेच राहिले. व्हॅक्यूम क्लीनरच्या वेळी त्यांनी ते कटाक्षाने स्वतःकडे ठेवले.

नोकरी आत्ता सोडू नका. फिल नाइट हे स्वतः धावपटू. त्यांनी आणि त्यांचे प्रशिक्षक बिल बॉवरमन यांनी 1964 मध्ये प्रत्येकी 500 डॉलर घालून जपानी बूट आणून विकायला सुरुवात केली, तीच पुढे नायकी झाली. नाइट मोटारीच्या डिकीतून शर्यतींच्या मैदानांवर बूट विकत, आणि त्याच वेळी हिशेबनिसाची, मग शिकवण्याची नोकरी करत. पूर्णवेळ धंद्यात यायला त्यांनी 1969 उजाडू दिलं. पगार चालू असला की वाईट गिऱ्हाईकाला नाही म्हणता येतं आणि घाईने वस्तू बिघडवावी लागत नाही. मात्र तुमच्या नोकरीच्या करारात बाहेरच्या कामाबद्दल काय लिहिलं आहे ते आधी वाचून घ्या.

मुदत मनाशी ठरवताना ती तारखेवर बांधू नका, ऑर्डरवर बांधा. तुमच्या ओळखीबाहेरच्या माणसांकडून, कुणी न सांगता, लागोपाठ काही महिने इतक्या ऑर्डर याव्यात की सुटीचे दिवस पुरेनात, आणि त्यातला नफा साहित्याची पुढची खरेदी उधारीशिवाय भागवू लागावा. तसं झालं की नोकरी सोडण्याचा हिशेब घेऊन पुन्हा लिहा, त्यावर आपण आकड्यांसकट बोलू. त्याआधी निवडलेल्या वस्तूचं माप, वजन आणि बनवायला लागलेले तास लिहून पाठवलेत, तर किंमत कशी काढायची ते मी तुम्हाला मांडून दाखवीन.